उजव्या बरगडीखाली जे दुखतं त्याची आणि माझ्या ढोलाची व्यवस्था

...आणि हो नितेश, पंचविशीत कोण मृत्युपत्र करतं असं तू काल विचारलंस ना, तर ज्याला मंगळवारी ऑपरेशनला जायचंय आणि नक्की कशासाठी जायचंय तेच कळत नाहीये, तो करतो. तू म्हणालास, दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, लोक तिसऱ्या दिवशी वडापाव खातात. खात असतील. मला हे लिहून टाकल्याशिवाय झोप लागणार नाही.

तर मी, तेजल सीताराम मेस्त्री, राहणार भटवाडी, घाटकोपर पश्चिम, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी धाक किंवा लालूच दाखवलेली नसताना, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते इथे लिहिते आहे. सकाळी दुखण्याची गोळी घेतली आहे, पण तिचा डोक्यावर परिणाम होत नाही. बरगडीवरही होत नाही. माझं मराठी शाळेतलं नाही, घरातलं आहे, तरी मराठीतच लिहिते, कारण आईने हे दुसऱ्याकडून वाचून न घेता स्वतः वाचावं. सगळं नीट पार पाडायची जबाबदारी माझ्या ढोल-पथकातल्या नितेशची.

कलम १. घर पप्पांच्या नावावर आहे, ते मी कोणाला देऊ शकत नाही. माझ्याकडे आहे तो खिडकीजवळचा पलंग, तोही पप्पांचाच. मला सपाट झोपता येईना तेव्हा ते खाली गादीवर गेले आणि त्यांनी सुतारकाम काढून मला पाठीला टेकायला लाकडी उतार करून दिला, पाहिजे तसा वर-खाली होणारा. बाजारात असा मिळणार नाही, झकास आहे. पलंग पप्पांना परत. उतार ज्याला कुशीवर वळताना श्वास धरावा लागतो अशा कोणालाही द्यावा. भंगारात घालू नये.

कलम २. बँकेत जे काही असेल ते आईचं. अट एकच, त्यातून माझ्या नावाने जेवणावळ घालायची नाही. आईने आपले गुडघे दाखवून घ्यायचे. माझ्याबरोबर इतक्या दवाखान्यांचे जिने चढली, पण स्वतःचा केसपेपर कधी काढला नाही.

कलम ३. गरम पाण्याच्या पिशव्या, पोटाचा पट्टा आणि ॲसिडिटीच्या सगळ्या गोळ्या फेकून द्याव्या. त्यांनी काहीच केलं नाही.

कलम ४. शेजारचे नंदकुमार काका आणि माझ्या ऑफिसमधली श्वेता यांना मी काही म्हणजे काहीच देत नाही. काका पहिल्या दिवसापासून "गॅस आहे गं, ओवा चाव" म्हणतात. मी ओवा चावला, काका. वर्षभर चावला. आणि श्वेता, तू जेवायच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणालीस, "रिपोर्ट क्लिअर आहेत ना, मग स्ट्रेस असेल यार." तेव्हापासून मी ऑफिसमध्ये दुखतंय हे सांगणं बंद केलं. बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहायचे. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही मिळणार नसलेलं बरं, असं वकील सांगतात. म्हणून साक्षीदार तुम्ही दोघंच.

कलम ५. माझी फाइल. सोनोग्राफी, सीटी, घशातून आणि खालून घातलेल्या दुर्बिणी, रक्ताचे कागद. रिपोर्ट नॉर्मल आला की आई देवापुढे साखर ठेवायची आणि मी तोच रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. काही नसेल तर मग हे काय आहे? शिंकले की काय तुटतं? रिक्षा खड्ड्यात गेली की उजव्या बरगडीच्या खालच्या कडेला आतून कोण बोट अडकवतं? शेवटच्या सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत थोडा गाळ सापडला. खडा नाही, गाळ. सर्जन म्हणाले, पिशवी काढू, बहुतेक फरक पडेल. घरात सगळ्यांना "फरक पडेल" ऐकू आलं. मला "बहुतेक" ऐकू आलं. फाइल कोणालाच नको, जाळून टाका.

कलम ६. माझा ढोल. खरं तर याच्यासाठीच एवढं सगळं लिहिते आहे.

आमच्या पथकात आपला ढोल आपण बांधत नाही. दुसऱ्याने मागून पट्टा ओढून बांधायचा असतो. माझा कॉलेजपासून नितेश बांधतो. सगळे खाली कमरेवर बांधतात. माझा थोडा वर, कारण माझी उंची कमी आणि मला मोठाच ढोल पाहिजे होता. मिरवणुकीत चौकात पोचल्यावर तो ठोका छातीत घुमतो ना, तेव्हा मला मी कोण आहे ते कळतं. दुसरीकडे कुठे कळत नाही.

मागच्या आठवड्यात नितेशने मला ओढत चेंबूरच्या एका डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, पोटाभोवती घट्ट काही बांधता का? पोटाचा पट्टा कधीच सोडला होता, म्हणून मी नाही म्हणाले. ढोल माझ्या डोक्यातच आला नाही. ढोल म्हणजे काय कपडा आहे की ओझं? नितेश मध्येच म्हणाला, "मॅडम, हिला मी बांधतो." मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. तो लाल झाला. "म्हणजे ढोल, मॅडम."

मग त्यांनी बोटं माझ्या बरगडीच्या कडेखाली घातली आणि वर ओढली. टक् असा आवाज झाला आणि तेच दुखणं आलं, जसंच्या तसं.

"हेच का?" त्यांनी विचारलं.

"हेच," मी म्हणाले, आणि इतकी रडले की नितेश पाणी आणायला पळाला. दुखलं म्हणून नाही रडले. पहिल्यांदा ते माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाताला लागलं होतं.

मॅडम म्हणाल्या, खालची बरगडी तिथे सैल आहे, ती सरकते आणि नस दाबते. आडवं झोपवून काढलेल्या फोटोत ती दिसणार नाही. आधी तिथे बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघू. दुखणं थांबलं तर चोर सापडला. तोपर्यंत पिशवीला हात लावायची घाई नको. आणि वर बांधलेला ढोल नेमका तिथेच दाबतो, म्हणून ढोल बंद. कधीपर्यंत, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, कदाचित कायमचा. इथेपण कदाचित.

सर्जन म्हणतात, पिशवी काढा, दोन महिन्यांनी गणपतीत खुशाल वाजवा.

म्हणजे एक जण माझ्या पोटातली पिशवी मागतोय आणि एक जण माझा ढोल. सगळ्यात जास्त भीती मला याची वाटते की पिशवी गेली तर जाऊ दे, असं माझं मन म्हणतंय. मॅडमचं बरोबर असेल तर पिशवीही जाईल, दुखणंही राहील, आणि मी पुन्हा वर बांधून वाजवत बसेन.

घरी आईला हे सांगितलं. पण आईने त्याआधीच गावी काशीराममामाला फोन करून देवाला कौल लावायला सांगितला होता. मामा आमच्या देवळात गुरव आहे. देवाच्या दगडावर दोन बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर हो. उजवी पडली. आई म्हणाली, देवाने ऑपरेशनला हो म्हटलंय, आता चेंबूर-बिंबूर नको. तेच तेच विचारून देवाची परीक्षा बघायची नसते. पप्पा पलंगाचा पाय उगाच ठोकत बसले.

म्हणून ढोल नितेशला. तो वाजवायचं टिपरूही त्यालाच. त्याने तो खालीच बांधून घ्यावा, माझ्यासारखा वर नाही.

कलम ७. मी टेबलावरच गेले तर मला न्यायच्या आधी डॉक्टरांना ती बरगडी एकदा उघडून बघायला सांगा. आणि काही सापडलं तर ते आईला दाखवा, श्वेताला दाखवा, काकांना दाखवा. एवढं एक माझ्यासाठी करा.

इथपर्यंत सकाळी लिहिलं. यानंतरचं जेवणानंतरचं आहे, पण त्यालाही मृत्युपत्राचाच भाग धरावं.

मी मामाला स्वतः फोन केला. म्हटलं, मामा, कौल परत लावता येईल का? तो म्हणाला, त्याच प्रश्नाला नाही. मी विचारलं, प्रश्न काय घातला होतास? ऑपरेशन करू की नको, असाच ना? मामा हसला.

"माका त्या पिशयेचा काय कळता गो? मी इचारलंय, चेडू बरां होतलां मां? देवान उजवो दिल्यान."

म्हणजे देवाने मी बरी होईन एवढंच सांगितलंय. कशाने, ते त्याला कोणी विचारलंच नाही. आईने मामाला फोनवर ऑपरेशनचं सगळं सांगितलं, आणि मामाने गाऱ्हाणं घातलं ते गेली कित्येक वर्षं सगळ्या आजाऱ्यांसाठी घालतो तेच.

आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. थांबली नाही. मळता मळताच म्हणाली, "मग आता ऑपरेशनचं विचारूया काय गो?" पहिल्यांदाच ती मला विचारत होती.

कलम ६ रद्द केलेलं नाही. तूर्त थांबवलं आहे.

हे मी माझ्या हाताने लिहिलं, वाचून बघितलं आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

तेजल सीताराम मेस्त्री

साक्षीदार:
१. नंदकुमार गावडे, शेजारी
२. श्वेता कांबळे, राहणार देवनार

ठिकाण: घाटकोपर
रविवार, १५ जून २०२५

सहीखाली लिहिलेलं चालतं की नाही माहीत नाही, पण राहून गेलं म्हणून लिहिते. काकांनी कलम ४ वाचलं, सही केली आणि ओव्याचा डबा परत मागितला. श्वेताने वाचलं आणि हळूच विचारलं, "नक्की कुठे दुखतं गं?" मी तिचं बोट धरून ते बरगडीच्या कडेवर ठेवलं. तिने बोट लगेच काढलं नाही.

मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. हे मी आज रात्री देव्हाऱ्याजवळ ठेवते आहे, म्हणजे मंगळवारचं पक्कं करायला सर्जनना उद्या फोन करायच्या आधी तुम्ही सगळे वाचाल. मामा म्हणतो, हा प्रश्न नवा आहे, घालता येईल. पण उजवी पडली तर पिशवी जाईल, डावी पडली तर ढोल, आणि पाकळी हलायच्या आधीच मी मनात कुठल्या बाजूला फुंकर घालणार ते मला माहीत आहे. आई, पप्पा, नितेश, खरं सांगा, जिला एकच उत्तर हवंय तिने कौल लावावा, की आधी गपचूप चेंबूरला जाऊन इंजेक्शन घ्यावं? तुम्हाला काय वाटतं?