टाके धाकटीचे होते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा गोधड्या शिवणे, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळी डॉक्टरीणबाईंच्या समोर मी बारीक सुईत दोरा ओवून दाखवला, दुसऱ्या खेपेला का होईना, आणि त्यांनी दिलेले प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. पोटातला आजार आता बरा होणारा नाही हे त्यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितले आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याइतके जवळचे एकच माणूस होते, माझी धाकटी बहीण. ती चार महिन्यांपूर्वी गेली. पूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे तिच्या नावे केले होते. ते आता रद्द समजावे.

एक. कापडाची मोठी कात्री, काळ्या मुठीची, समोरच्या शिंपीणबाईंना द्यावी. धार कुठे लावून घ्यायची हे त्यांना ठाऊक आहे. माझ्या भावाला ही कात्री काही केल्या मिळू नये. त्याने एकदा मला न विचारता या कात्रीने पत्र्याची पट्टी कापली आणि वर म्हणाला, "कात्री ती कात्री, तिला काय कळतंय?" त्याला स्वयंपाकघरातली, पिशव्या फोडायची कात्री द्यावी. तेवढी त्याला पुरेल.

दोन. बुधवारच्या शिवणवर्गातल्या बायकांना पुढील वस्तू द्याव्यात: गोल पात्याचा कटर व त्याखाली घालायची हिरवी चटई, पारदर्शक पट्ट्या तीन, पत्र्याचे त्रिकोणी आणि षटकोनी साचे, खडूच्या पेन्सिली, भिंगाचा दिवा, दोरा ओवायची तार आणि टाचण्यांची उशी. पाते झाकल्याशिवाय कटर खाली ठेवू नये. पट्टी धरताना बोटे कडेच्या आत ठेवावीत. आणि ती दोन दातांची उसवणी, तीही त्यांनाच. "चूक दिसली की तिथेच थांबा, मागे जाऊन उसवा, पुढे रेटू नका," असे मी त्यांना वर्षानुवर्षे सांगत आले. त्या माना डोलवायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे त्यांना माहीत नव्हते.

तीन. लाकडी चौकट, हाताच्या सुयांची डबी आणि बोटात घालायचे पितळी अंगुस्तान ही माझ्या धाकट्या बहिणीची आहेत. माझी नाहीत, म्हणून मी ती कोणाला देऊ शकत नाही. आईवडील गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि मी सव्वीस. ती एक पिशवी घेऊन माझ्या खोलीत आली आणि इथूनच गेली. मी मशीनवर तुकडे जोडायची; ती चौकटीवर तीन थर ताणून हाताने धावदोरा घालायची. बोटाच्या एका पेरात तिचे नऊ टाके बसत, नवाचे आठ कधी होत नसत. गिऱ्हाइके गोधडी उलटी करून आधी मागची बाजू पाहायची आणि म्हणायची, "हे धाकट्या बाईंचं." मला ते आवडत नसे. हेही लिहून ठेवते.

चार. शिलाई मशीन, पायाचे, दोन खणांचे. हे कोणालाही देऊ नये. भंगारवाल्याला बोलावून समोर मोडून घ्यावे. कारण पुढे लिहिते आणि या कागदाचे खरे कारणही तेच आहे.

आमच्या खोलीच्या भिंतीवर मीच लिहिलेला एक नियम होता. सुई मोडली की काम थांबवायचे. दोन्ही तुकडे सापडेपर्यंत कापड हलवायचे नाही. तुकडे जोडून वहीत चिकटवायचे आणि खाली तारीख घालायची. त्यासाठी लोहचुंबकाची दांडी मशीनलाच बांधलेली होती. चोवीस वर्षांपूर्वी बेकरीवाल्या बाईंनी आपल्या सहा महिन्यांच्या मुलीसाठी गोधडी सांगितली होती. धाकटीचे हातकाम पुरे झाले होते. फक्त कडेची पट्टी मशीनवर बसवायची राहिली होती. कोपऱ्यात आठ थर एकावर एक येत होते. तिथे जाड सुई लावायला हवी होती. मी बारीकच ठेवली. कोपऱ्यावर ती मोडली.

वरचा तुकडा मशीनमध्ये राहिला. टोकाचा तुकडा दिसेना. मी लोहचुंबक दोनदा फिरवला, गोधडी झटकली, फरशीवर हात फिरवला. बेकरीवाल्या बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या आणि तिसऱ्यांदा विचारत होत्या, "झालं का हो?" धाकटी दोरा आणायला गेली होती. तुकडा फरशीच्या फटीत गेला असेल, असे मी स्वतःला सांगितले. नवी सुई लावली, कोपरा पुरा केला, घडी घातली आणि गोधडी बाहेर नेऊन दिली. वहीत काही चिकटवले नाही.

मूल नुकतेच गुडघ्यावर सरकू लागले होते. अकरा दिवसांनी त्याचा उजवा गुडघा सुजला. तुकडा आत गेला होता आणि जखम हाडापर्यंत सडली होती. दोनदा कापावे लागले. मुलगी वाचली, पण तो पाय पुढे वाढताना दोन बोटे आखूड राहिला.

बेकरीवाल्या बाई एका छोट्या बाटलीत तो तुकडा घेऊन आल्या. रडत नव्हत्या. बाटली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "कोणी शिवली होती माझ्या पोरीची गोधडी?"

मी म्हणाले, "टाके धाकटीचे होते."

यात एक शब्दही खोटा नाही. चोवीस वर्षे मी स्वतःला हेच सांगत आले.

धाकटीने बाटली उचलून उजेडात धरली. या धंद्यात नसलेल्यांसाठी लिहिते: हाताच्या सुईला नेढे मागच्या टोकाला असते, मशीनच्या सुईला ते पुढे, अणीपाशी असते. बाटलीतल्या तुकड्याला अणीपाशी नेढे होते. धाकटीने ते पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. बेकरीवाल्या बाईंना त्यातले काही कळण्यासारखे नव्हते. त्या वेळी मी एक शब्द बोलले असते तर पुढचे सगळे वेगळे झाले असते. मी पाहत राहिले. धाकटी बाटली खाली ठेवत म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं, बाई."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली, आणि संन्याशाने आपल्या हाताने फास गळ्यात घालून घेतला.

त्यानंतर तिच्या हातचे काम कोणी घेईना. गिऱ्हाइके मला बाजूला घेऊन विचारायची, "गोधडी तुम्ही एकट्याच शिवणार ना?" मी हो म्हणायची. धाकटीने अंगुस्तान डबीत ठेवले आणि कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करायला लागली. अंथरुणाला खिळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. रोज याच खोलीत आम्ही एका टेबलाशी जेवलो. त्या तुकड्याबद्दल तिने कधी ब्र काढला नाही, भांडणातसुद्धा नाही. आणि आम्ही भांडायचो. ती टोचून बोलली असती तर मला बरे वाटले असते.

तिच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तिला पाणी पाजताना मी म्हणाले, "धाकटे, ती सुई..."

ती म्हणाली, "ताई, इस्त्री बंद केलीस ना?"

इस्त्री त्या दिवशी लावलीच नव्हती. मी म्हणाले, "केली." तिने डोळे मिटले. तीन दिवसांनी ती गेली.

पाच. ही खोली, तिच्यातले कपाट, पलंग व भांडी. ही खोली बेकरीवाल्या बाईंच्या त्या मुलीला द्यावी असे मी ठरवले होते. ती आता चोवीस वर्षांची आहे आणि चष्म्याच्या दुकानात भिंगे बसवते. गेल्या मंगळवारी मी तिच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हते. वर लिहिले आहे ते सगळे मी तिला तोंडाने सांगितले. तिने हातातली भिंगे एकेक करून कागदात गुंडाळली आणि मग म्हणाली, "तुमच्या बहीण आमच्याकडे यायच्या, माहितीये तुम्हाला?"

मला माहीत नव्हते. धाकटी रविवारी फिरायला जाते असे मी समजत होते.

"माझे सगळे स्कर्ट त्या करून द्यायच्या. एक बाजू लांब, एक आखूड, म्हणजे उभी राहिले की घेर सरळ दिसावा. दरवर्षी नवीन माप. मी आतल्या खोलीत बसायची, आई माप घेऊन बाहेर जाऊन सांगायची. मी त्यांच्यासमोर कधी आलेच नाही. दहा वर्षांची असताना मी आतून ओरडले होते, त्या सुईवाल्या बाईला आधी घालव. त्यांनी ऐकलं असणार, दार उघडंच होतं. पुढच्या रविवारी त्या परत आल्या."

मी खाली, तिच्या स्कर्टाच्या घेराकडे पाहिले.

"तुम्ही मला हे आत्ता का सांगितलंत?" ती म्हणाली. "त्या जिवंत असताना का नाही? आता मी कोणाकडे जाऊ?"

मी मृत्युपत्राच्या कच्च्या कागदाचा आणि खोलीचा विषय काढला. ती म्हणाली, "मला तुमची खोली नको. तुमचं काहीच नको." मी उठले. दारापर्यंत गेल्यावर तिने विचारले, "हे सगळं त्या कागदात आहे? त्यांनी काही केलं नव्हतं, असं स्पष्ट लिहिलंय?"

मी म्हणाले, "लिहिलंय."

"साक्षीदार कोण आहेत?"

"एक मिळालाय. ज्याला काही मिळणार आहे त्याची सही चालत नाही."

"मला काहीच मिळणार नाहीये," ती म्हणाली. "मी येते."

म्हणून खोलीबाबत असे लिहिते की, ती लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या बाईला द्यावी. धाकटीच्या शेजारी ती एकोणीस वर्षे उभी होती आणि आजारपणात धाकटीचे अंग तिनेच पुसले. माझ्या हातून ते होत नव्हते, आणि याचे कारण माझे दुखणे नव्हते.

सहा. चौथ्या कलमाची नक्कल करून लाँड्रीत, बेकरीत आणि बुधवारच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी. कोणी म्हणेल, गेलेल्या माणसाचे आता कशाला उकरून काढायचे? त्याला सांगावे, गेलेल्या दोघी आहेत, आणि यातल्या एकीचे उकरायलाच हवे. माझ्यासाठी कोणी हळहळू नये. धाकटीने मला माफ केले होते, असेही कोणी समाधानाने म्हणू नये. तिने तसे कधी म्हटले नाही. मी माफी कधी मागितली नाही.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचले आणि त्यांच्यासमोर सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर सही केली.

स्थळ: राहती खोली, कापायच्या टेबलाशी.
दिनांक: सोळा, शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच.

लिहून देणार: (सही) गोधडीवाल्या थोरल्या बाई

साक्षीदार पहिले: (सही) तळमजल्यावरचे घड्याळजी

साक्षीदार दुसरी: (सही) बेकरीवाल्यांची मुलगी. मजकूर मी पूर्ण वाचला. लिहून देणाऱ्या बाईंना मी माफ केलेले नाही. ही सही त्यांच्या बहिणीसाठी केली आहे. त्यांना मी समोरून कधी पाहिले नाही.