शेजारच्या खाटेवरचा कानिफनाथ

पुणे, ८ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. पुष्पास,
दादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

मागच्या कार्डात अशक्तपणासाठी पुण्याला तपासायला चाललोय असं लिहिलं, ते अर्धंच खरं होतं. दिवाळीपासून लघवीतून रक्त जात होतं. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. पोटातल्या गाठींपर्यंत पोचलाय, म्हणून ऑपरेशनचा उपयोग नाही. चार औषधं एकत्र, सलाइनमधून देणार. महिन्याला एक फेरी, अशा सहा.

डॉक्टरांना म्हटलं, मी भंडारदऱ्याच्या धरणावर तीस वर्षं पाणी मोजलंय, मला आकडे सांगा. ते म्हणाले, परदेशातल्या पुस्तकांत निम्म्याहून जास्त लोकांच्या गाठी आकसल्यात. पण त्यातल्या पुष्कळांना पुन्हा आल्या. थोडे मात्र वर्षानुवर्षं जगले. शिवाय ती निवडलेली माणसं होती, मूत्रपिंडं धड असलेली. आपल्याकडच्यांचं काय होतं ते कुठंच लिहिलेलं नाही. माणूस खरं बोलला, बरं वाटलं.

एक औषध लालभडक आहे. ते दिल्यावर लघवी लाल झाली, तेव्हा मला वाटलं संपलं. सिस्टर म्हणाल्या, औषधाचाच रंग आहे.

शेजारच्या खाटेवर शिंगणापूरचा कानिफनाथ आहे. तेल-नारळाचं दुकान आहे त्याचं. आजार तोच, औषध तेच, सुरुवातही एकाच दिवशी. कागदावर नातेवाइकाची सही लागत होती. माझ्याबरोबर कोणी नाही असं मी सांगत होतो, तेवढ्यात त्यानं पेन घेतला आणि ‘भाऊ’ लिहून सही ठोकली. त्याची बायको बनाबाई दोघांना पुरेल एवढी भाकरी आणते.

तू येण्याची धडपड करू नकोस. तुझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तुला हलता येत नाही हे मला ठाऊक आहे.

कळावे, माया आहेच ती राहू दे.
तुझा
सहादेवदादा

*

काष्टी, १७ फेब्रुवारी १९९४

ती. दादास,
पुष्पाचा सविनय जयभीम. पत्रास कारन की, तुझं पत्र वाचलं आन् दिसभर कशात मन लागलं न्हाई.

दिवाळीपासून रगत जातंय आन् तू भाऊबीजेला हितं येऊन पुरनपोळी खाऊन गेलास. मी इचारलं हुतं, तोंड का उतरलंय म्हून. तू म्हनलास, उन्हानं. वहिनी असती तर तिच्यापासून लपवता आलं असतं का? ती गेल्यापासून तू राजूरच्या त्या खोलीत कुनाला काय सांगतच न्हाईस.

सासूबाईंना कूस बदलायलाबी मानूस लागतंय. हे म्हनले, मी बघतो चार दिस, तू जा. पन त्यांना त्या हात लावू देत न्हाईत. एका ताटातली दोन लेकरं आपून, आन् तुझ्या कागदावर परक्या मानसानं सही केली, ह्ये मनाला लई लागलं. त्या कानिफनाथभाऊला माझा नमस्कार सांग. बिडी सोडलीस का न्हाई ते खरं लिव्ह.

तब्येतीला जप. बहिनीवर राग नसावा.
तुझी
पुष्पा

*

पुणे, ६ मे १९९४

चि. सौ. पुष्पास,
दादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

बिडी सुटली. तिची चवच लागत नाही. केस गेले. तोंडात फोड आले, पंधरा दिवस पेजेवर होतो. दुसऱ्या फेरीनंतर ताप चढला, आणि तिसऱ्या फेरीला रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंड कुरकुरतंय असं दिसलं, म्हणून मुख्य औषध निम्मंच दिलं. कानिफनाथाला मात्र काही होत नव्हतं. सगळी औषधं पुरी, वर जेवणही पुरं. माझ्या टकलावरून हात फिरवून म्हणायचा, सहादेवा, तुझ्या वाटचं मी भरून काढतो.

काल दोघांच्या पोटाचे, छातीचे फोटो झाले. माझ्या गाठी जवळपास दिसत नाहीत. त्याच्या वाढल्यात, फुप्फुसातही गेल्यात. मी डॉक्टरांना म्हटलं, काहीतरी अदलाबदल झाली असेल, औषध त्यानं पुरं घेतलंय. ते म्हणाले, अदलाबदल नाही. असं का होतं ते आम्हालाही आधी ओळखता येत नाही. मूत्रपिंड सोसणार नाही म्हणून मला पुढच्या फेऱ्या देणार नाहीत. त्यालाही नाहीत, कारण उपयोग नाही.

कानिफनाथानं पिशवी भरली. मी आडवा होतो, तोंड भिंतीकडे करून. त्यानं खांद्याला हात लावला. झोप लागल्याचं मी सोंग केलं. तो गेला.

पुष्पा, गाठी गेल्या हे ऐकल्यावर मला आधी आनंदच झाला होता. त्याच्यादेखत.

लोभ होता तसाच असू दे.
सहादेवदादा

*

काष्टी, १५ मे १९९४

ती. दादास,
पुष्पाचा सविनय जयभीम.

गाठी गेल्या वाचून मी सासूबाईंच्या उशाशीच बसून रडले. त्यांना वाटलं कुनी मेलं. त्यांना सांगितलं, माझा भाऊ जगला. तवा त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आनंद झाला तर झाला, त्यात पाप न्हाई. पन त्या मानसाला भेटून ये. उशीर करू नगंस. सोंग केलंस त्ये सांगू नगंस, नुसता जा.

लवकर यावंस ही इनंती.
पुष्पा

*

राजूर, २१ मे १९९५

चि. सौ. पुष्पास,
दादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

वर्षभर तू पत्रांत तेच विचारत होतीस आणि मी पावसापाण्याचं लिहीत होतो. आज लिहितो.

मी गेलो नाही. शिंगणापूरला वळणाऱ्या घोडेगावच्या फाट्यापर्यंत दोनदा गेलो नि उलट्या गाडीनं परतलो. धडधाकट होऊन त्याच्यासमोर काय म्हणून बसायचं?

परवा पुण्यात वर्षाची तपासणी झाली. काही सापडलं नाही. परत येऊ शकतं, येत राहा, एवढं डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर सगळ्यांबरोबर कोणी ना कोणी होतं. हा रिपोर्ट समजेल असा माणूस मला एकच आठवला. नगरची गाडी धरली.

तो दिवाळीआधीच गेला होता. दुकानात बनाबाई नारळ सोलत होत्या. माझे केस परत आलेले, त्यामुळं त्यांनी ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर हातातला नारळ खाली ठेवला. म्हणाल्या, त्यांनी लई वाट बघितली तुमची. मी खरं सांगून टाकलं, तोंड भिंतीकडं केल्याचंसुद्धा. त्या म्हणाल्या, त्यांना ठावं हुतं. झोपलेल्या मानसाचा खांदा येवढा ताठ नसतो, असं घरी येऊन हसत सांगत हुते.

मग त्यांनी विचारलं, औषध एकच, डॉक्टर एकच, मग तुमचं बरं कसं झालं? माहीत नाही, म्हटलं. त्यांनी आत जाऊन आधण ठेवलं. चहा दिला. निघताना म्हणाल्या, तपासनी झाली की हितं सांगायला येत जा. चांगलं निघो, वाईट निघो. माझ्याबी जिवाला घोर लागतोय आता.

पुढली तपासणी ऑगस्टात आहे. तिथून आधी शिंगणापूर, मग तुझ्याकडं. या वेळी नेहमीसारखा दुसऱ्या दिवशी पळणार नाही.

सासूबाईंस जयभीम. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा
सहादेवदादा