फाटकावरचा लाल रुमाल

पावडर नदीकाठ, माँटाना
९ मार्च १९८३

प्रिय लायल,

तुरुंगातून पाठवलेले तुझे पत्र काल पोहोचले. बर्फ अजून हटलेला नाही. तुझ्या घोडीला गवत मीच घालतो. ती ठीक आहे. मेंढ्या व्यायला महिना आहे.

तू लिहितोस: "एल्डन, येत्या सोमवारी मी गुन्हा कबूल करतो. रुमाल असेलही. मर्ल विसरणारा माणूस नव्हता. मीच आंधळ्यासारखा आत शिरलो असेन." हे पत्र त्या वाक्याचे उत्तर आहे. मी सव्वीस वर्षे न्यायासनावर बसलो. क्रम सोडून मला बोलता येत नाही.

माझ्या हद्दीत कोयोटी कोल्हे मारण्याची परवानगी दोघांना होती: शेजारच्या मर्ल हागेनला कायमची, तुला त्या गुरुवारपुरती. आदल्या दिवशी फोनवर तू म्हणालास, "न्यायमूर्ती, दोन मेंढ्या फाडल्या तरी अजून पुरावाच हवाय? की कोयोटीला आधी वकील देऊ या?" मी म्हणालो, "ये. फाटक बघून आत शिर." अधिक सांगण्याची गरज नव्हती. आत जाणारा फाटकाच्या खांबाला लाल रुमाल बांधतो आणि परतताना सोडून नेतो. तो दिसला की दुसरा आल्या पावली माघारी वळतो. झुडपात दडून, कोयोटीला भुलवायला मरणाऱ्या सशासारखी शिट्टी वाजवत बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बंदुकीपासून एवढाच आडोसा असतो.

तुझी शिट्टी मर्लने ऐकली. आपल्याखेरीज कोणी आत आले आहे, हे त्याला कळले. त्याची शिट्टी खिशात सापडली, बंदूक खांद्याला अडकवलेली होती. तो शिकार करत नव्हता; तुला सावध करायला उठला होता. तुला दिसली ती फक्त त्याच्या बायकोने, इंगाने शिवलेली कोयोटीच्या कातड्याची टोपी, आणि तू गोळी झाडलीस.

चौकशीत तू म्हणालास, "फाटकावर काही नव्हतं." इंगा म्हणाली, "मी स्वतः गाडीतून त्याला सोडलं. माझ्यासमोर त्यानं रुमाल बांधला. चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाही तो." तिच्यावर सर्वांनी विश्वास ठेवला, आणि म्हणून तुला खोटे ठरवले. शेरीफने मला विचारले, "गोळीच्या आवाजानंतर तुम्ही फाटकाशी गेलात तेव्हा रुमाल होता?" मी म्हणालो, "नव्हता." मग तो वाऱ्याने उडाला किंवा तूच लपवलास, असे त्यांनी धरले. माझे उत्तर खरे होते. इतके खरे उत्तर मी आयुष्यात दिलेले नाही, आणि इतके नीचही.

दोन प्रामाणिक साक्षी परस्परविरुद्ध असतील, तर दोन्हींच्या मध्ये काहीतरी घडलेले असते. विद्यार्थ्यालाही सुचावे असे हे अनुमान त्या खोलीत कोणी काढले नाही, कारण ते काढून देणारा माणूस म्हणून सगळे माझ्याकडे पाहत होते.

त्या सकाळी सातच्या सुमारास मी टपालपेटीकडे चाललो होतो. रुमाल दिसला. मर्लची गाडी नव्हती. गाडी नाही, म्हणजे माणूस नाही; म्हणजे रुमाल कालचा, सोडायचा राहिलेला. थंडीत त्याची गाडी सुरूच झाली नसेल आणि बायकोने आणून सोडले असेल, हे माझ्या मनात आले नाही. बर्फात पावले होती. ती मी पाहिली, लायल, आणि तीही कालचीच मानली. निष्कर्ष आधीच ठरला होता. तू येणार, जुन्या रुमालामुळे विनाकारण परत जाशील, म्हणून मी गाठ सोडून रुमाल कोटाच्या खिशात घातला. वीस मिनिटांनी तुझी गाडी गेली. तू हात केलास. मीही केला.

सात आठवडे मी गप्प राहिलो. कारणे मांडता येतील, मांडत नाही. तू खोटे बोलतोस असे लोक म्हणत, तोवर मला ते सोसता आले. आता तू स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवतो आहेस. ते सोसवत नाही.

सोमवारी काहीही कबूल करू नकोस. या पत्राची प्रत तुझ्या वकिलाकडे गेली आहे. उद्या सकाळी मी आधी इंगाच्या दारी जाणार आणि तिथून शेरीफकडे. रुमाल त्याच कोटाच्या खिशात आहे, गाठीची घडी अजून मोडलेली नाही.

फाटकावर काही नव्हते. तू नीट पाहिले होतेस.

ज्याने हात केला, पण थांबवले नाही, तो तुझा भाऊ,
एल्डन