आबांच्या पत्रांतला गळलेला महिना

मी, हेमांगी सुपडू वारके, वय ४७, अविवाहित, मूळ गाव नशिराबाद, राहणार जळगाव, कॉलेजात इतिहास शिकवणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार यकृतापर्यंत पोचला आहे, डोक्यापर्यंत नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव होता तेव्हा मी गप्प बसले. ती हकीकत कलम तीनमध्ये आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. जळगावचा फ्लॅट आणि आईची पितळी भांडी भाची मयुरीला द्यावीत. तिने कधी काही मागितलं नाही. दवाखान्याचं भागवून बँकेत जे उरेल ते कलम चारमधल्या छपाईसाठी वापरावं.

२. माझ्या सव्वीस डायऱ्यांपैकी २०१५ नंतरच्या डायऱ्या सोनगीरच्या धर्मेंद्र महाले यांना द्याव्यात. बाकीच्या जाळाव्यात. त्यांत मी स्वतःला खूप बोलले आहे आणि दुसऱ्या दिवशी तशीच वागले आहे. ते कोणी वाचण्याची गरज नाही.

३. पत्रांविषयी. हे कलम लांब आहे.

माझे पणजोबा पितांबर आबा पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशातल्या क्रांतिकारकांच्या समितीचे वकील म्हणून इराणात होते. ज्या सरकारचे ते प्रतिनिधी होते, ते सरकार अजून जन्मलंच नव्हतं. समितीला ते आठवड्याला अहवाल पाठवत, पण पणजी कुंदाबाईला रोज एक पत्र लिहीत. कुंदाबाईला वाचता येत नव्हतं. तिच्यापर्यंत एकूण अकरा पत्रं पोचली. प्रत्येक पत्राची नक्कल मात्र आबा ठेवत. १९१८च्या साथीत ते इस्फहानला वारले आणि तीन वर्षांनी एका व्यापाऱ्याने त्या नकलांची पेटी नशिराबादला आणून दिली. माझ्या हाती आली तेव्हा वाळवीने वह्यांची शिवण खाल्ली होती. सुट्या पानांचा क्रम मी लावला आणि २०१६ साली पुस्तक काढलं.

आबांबरोबर सोनगीरचा वना महाले होता. स्वयंपाक करायचा, निरोप पोचवायचा. १२ मे १९१५ला समितीची तीन मुलं एका बंदरात पकडली गेली आणि आठवड्याच्या आत फासावर गेली. ही तारीख सरकारी कागदांत आहे, ती पक्की. आबांच्या वैशाख वद्य षष्ठीच्या पत्रात आहे: "वना न सांगता बंदराच्या वाटेला लागला. माझे घड्याळही घेऊन गेला." कॉलेजातल्या जुन्या कोष्टकावरून मी या तिथीची तारीख काढली, ५ मे. म्हणजे अटकेच्या आठवडाभर आधी. वना फितूर झाला, असं मी छापलं.

त्याच दिवसांतल्या एकोणतीस पत्रांवर नुसती तिथी होती, महिना नव्हता. ती मी शेवटी 'तारीख न लागलेली पत्रे' म्हणून टाकली. त्यांतल्या एकात आबा लिहितात: "कुंदे, यंदा धोंड्याच्या महिन्यात तुझा बाप जावयाची वाट पाहील. सांग त्यास, जावई लांब जेवतो आहे." मी खाली टीप दिली: आबांचा मिश्कील स्वभाव.

पुस्तकानंतर सोनगीरला चौकातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या फलकावरचं वनाचं नाव कोणीतरी डांबराने बुजवलं. २०१७ साली वनाचे नातू मगननाना एसटीने माझ्याकडे आले. ऐंशीच्या घरातले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"ताई, आम्हना वनाबाबा फितूर नव्हता. ती तारीख एकदाव परत देखा."

मी म्हणाले, "नाना, मी तपासली आहे."

"कोठे तपासी? कोष्टकमा? तुम्ही कॉलेजमा पोरेस्ले शिकाडतस ना? मंग पंचांग देखाले काय व्हस? बठ्ठा गाव, लहान-मोठा, आम्हले फितुरेसना म्हनस."

मी त्यांना पुस्तकाची एक प्रत देऊ केली. त्यांनी ती माझ्या टेबलावर उलटी ठेवली आणि गेले. २०२२ साली ते वारले.

पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला. मयुरीच्या नवऱ्यासाठी आई पुरणाचे धोंडे करत होती. मी म्हटलं, एवढ्या दुखण्यातून उठलीस, कशाला हा घाट? आई म्हणाली, "काय वं, अधिक महिन्यात जावयाले जेवू घाला लागते. एवढी शिकली, अन् धोंड्याचा महिना माहीत नाही?"

मी तशीच उठून कॉलेजच्या ग्रंथालयातलं १९१५चं पंचांग उघडलं. त्या साली वैशाख दोन होते. पहिला अधिक, आणि कोष्टकावरून मी तोच धरला होता. आबा अधिक महिन्याचं नाव पत्रावर घालत नसत, एवढंच. ती एकोणतीस पत्रं म्हणजे तो अख्खा महिना, आणि तो माझ्या पुस्तकातून गळला होता. वना गेला ती षष्ठी दुसऱ्या वैशाखातली. जून उजाडला होता. मुलं फासावर जाऊन दोन आठवडे झाले होते.

इथे थांबले तर ही फक्त चूक ठरेल. तसं नाही. ज्येष्ठातलं एक पत्र मी पुस्तकातून गाळलं होतं. कारण लिहिलं होतं 'पुनरुक्ती'. पत्र असं: "मुले कोणत्या दिवशी निघणार ते मीच तुला लिहिले होते, तुला धीर यावा म्हणून. ते पत्र वाटेत कोणी उघडले. बातमी उशिरा पोचली. वना गेला तो पुरलेल्या मुलांना अग्नी द्यायला. घड्याळ त्याने लाकडांसाठी विकले. तोही परत आलेला नाही. आजपासून लिहीन, टपालात टाकणार नाही."

आबांच्या पत्रानेच मुलं पकडली गेली, हे मी सिद्ध करू शकत नाही. आबा तसं मानत होते, एवढं नक्की. ते पत्र मी वाचलं होतं. वनाला वाचवायला आबांनी दोष अंगावर घेतला, असं मी स्वतःला समजावलं. कोष्टकाने मला हवं तेच सांगितलं, म्हणून मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. हे वाक्यही मी चार वेळा लिहिलं आहे. आधीची तीन माझ्या सोयीची होती.

त्यानंतर जवळपास तीन वर्षं मी गप्प राहिले. माझा थोरला भाऊ नवीन, वरणगावच्या फॅक्टरीत आहे, त्याने नशिराबादला आबांच्या पुतळ्याची जागा मिळवली होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हेमा, पुतळा उभा राहू दे. मग कर काय करायचं ते."

"तोवर मी असेन का, भाऊ?"

"मग नको करू."

नवीन, हे तू वाचशील तेव्हा तुला राग येईल. मला तुझा राग नाही. माझ्या भीतीला तुझा आधार मिळाला, इतकंच.

४. सर्व नकला, पेटी आणि कुंदाबाईला मिळालेली अकरा पत्रं धर्मेंद्र महाले यांना द्यावीत. ते मगननानांचे नातू. या मृत्युपत्राचे व्यवस्थापकही तेच. नवीनने यावर हक्क सांगू नये. दुरुस्तीपत्रक मी लिहून ठेवलं आहे. त्यात गाळलेलं पत्र पूर्ण आहे. ते छापून पुस्तक जिथे जिथे गेलं तिथे पाठवावं, आणि पहिली प्रत सोनगीरच्या चौकात मोठ्याने वाचावी. पुतळा झालाच तर त्याखाली माझ्या पुस्तकातली एकही ओळ कोरू नये.

गेल्या महिन्यात मी धर्मेंद्रना बोलावून पत्र दाखवलं आणि माफी मागितली. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "मॅडम, माफी राहू द्या. आजोबांनी विचारलं त्या दिवशी पंचांग बघायला किती वेळ लागला असता?"

मी खरं ते सांगितलं. दहा मिनिटं.

५. माझ्या दहाव्याला भाषणं नकोत.

धर्मेंद्रनी साक्षीदार व्हावं अशी माझी इच्छा होती. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं वकिलांनी सांगितलं. त्यांना काही मिळतं आहे, असं मला वाटत नाही. पण नियम पाळला आहे.

हेमांगीताईंनी आमच्यासमोर वाचून सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार: १. नूतन रमेश भिरूड, शेजारी (सही)
२. डॉ. पियुष जगन्नाथ राणे (सही)

लिहून ठेवणार: हेमांगी सुपडू वारके (सही)

जळगाव, बुधवार, ३ जून २०२६. अधिक ज्येष्ठ वद्य तृतीया. महिन्याचं नाव पूर्ण लिहिलं आहे. पंचांग पाहून.