क्लचवरचा पाय

सोमवार, संध्याकाळ

क्लचप्लेट पुन्हा बदलली, वर्षात दुसऱ्यांदा. जळकी प्लेट दाखवत रफिक मिस्त्री म्हणाला, "काका, डावा पाय क्लचवरच ठेवून चालवता काय? मंग प्लेट कशी टिकन?" मी नाही म्हणालो. खोटं कशाला बोललो?

मागे कोळशाचा ट्रक आला की पाय तिथं जातो आणि तिथंच राहतो. सुमन शेजारी बसायची तेव्हा माझ्या गुडघ्यावर थाप मारायची, "पाय काढा." ती गेल्यापासून कोणी सांगत नाही.

मुलगा फोनवर म्हणाला, आता गाडी विका. मग वणीला लेकीकडे कसा जाऊ?

रफिक म्हणाला, "उद्या तुम्ही चालवा, मी बसतो बाजूले. पाय कुठं राह्यते ते पाहतो." मी लगेच हो म्हणालो. त्या सीटवर सुमनची पाठीची उशी आहे. आजच काढून ठेवायला हवी. अजून गाडीपाशी गेलो नाही.