सल्ल्याच्या पानावरची बहीण

वरवंड, मार्गशीर्ष, १९७४

अंजे,

काल आम्ही बाया पडवीत शेवंतीच्या माळा ओवत व्हतो. मास्तरीणबाई साप्ताहिकातलं सल्ल्याचं पान वाचून दाखवत व्हत्या. दौंडच्या कुणा पोरीनं इचारलं व्हतं, थोरल्या बहिणीला मूलबाळ न्हाई, दाजी मला बायको करायचं म्हणत्यात, मलाबी ते आवडत्यात, काय करू?

बायांनी तिथंच पोरीला शिव्या घातल्या. मी म्हणाले, "परकी सवत येण्यापरीस घरातली बरी. थोरली व्हय म्हणंल." समद्यांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

मास्तरीणबाईंनी पुढं वाचलं. "आई गेल्यावर तिनंच मला मांडीवर घेऊन बाभळीच्या काट्यानं माझं नाक टोचलं."

सुई माझ्या बोटात गेली. मी तशीच ओवत ऱ्हायले.

खाली सल्ला देणाऱ्या बाईंचं उत्तर व्हतं, आधी थोरलीला इचार. अंक दिवाळीच्या आधीचा हाय, अंजे. म्हंजी दिवाळीला माझ्याकडं आलीस तवा उत्तर तुझ्याजवळ व्हतं. माझ्याकडून वेणी घालून घेतलीस, माझ्या ताटात जेवलीस, आन् दौंडच्या गाडीत बसवायला ह्यांना घेऊन गेलीस.

हे पत्र पोस्टात टाकायला ह्यांच्याच हाती द्यावं लागंल, म्हणून पेटीत लुगड्यांखाली ठेवते.

परक्या पोरीला मी व्हय म्हणाले. बहीण म्हणून तू मला इचारलंच न्हाईस.

तुझं नाक टोचणारी,
धुरपदा