सटवीचा कागद

मंगळ., ११ नोव्हें.
पोरीला कालपासून ताप. तीन दिवसांची पोर आणि ताप! रक्तात इन्फेक्शन असेल म्हणून आज अँपिसिलिन सुरू केलं, शिरेतून. मी शेजारीच उभी. दोन मिनिटंही झाली नसतील, अंगभर लाल चट्टे, ओठ सुजले आणि श्वास... सिस्टर ओरडली, "डॉक्टर, लवकर!" मला बाहेर काढलं. मी दाराला लाथ मारली. टाके दुखले. दुखू देत.
अर्ध्या तासाने डॉ. बाहेर आल्या. "सावरलीय. लगेच लक्षात आलं म्हणून." मी तिथेच फरशीवर बसले.

बुध.
डॉ. म्हणतात, बहुतेक अ‍ॅलर्जी. एवढ्या लहान बाळात फार क्वचित. बहुतेक म्हणजे काय हो? तर म्हणे, पक्कं मोठी झाल्यावर तपासू. तोवर पेनिसिलिनच्या जातीतलं काहीच नको.
दुसरं औषध सुरू. पहिला डोस जाईपर्यंत तिच्या ओठांवरून नजर काढली नाही. काही झालं नाही. पण ताप तसाच.
फाइलवर लाल पेनने अ‍ॅलर्जी लिहिलंय. नाव काय, तर "बेबी ऑफ रूपाली". उद्या बारसं झालं, नवं नाव, नवी फाइल. हे लाल अक्षर तिकडे कोण नेणार? अभी म्हणतो, "मी आहे ना!" हा नवरा माझा रोज घराची चावी विसरतो.

गुरु.
मला डिस्चार्ज. तिला नाही. घाटकोपरला रिकाम्या हातांनी आले. शेजारच्या काकू पेढे मागायला हजर. दार लावून घेतलं.

शुक्र., संध्याकाळी
सहावा दिवस. सासूबाई म्हणाल्या, सटवी पुजायचीच. बाळ घरात नाही आणि पूजा कसली! भडकलेच मी. त्यांनी पाटावर पोरीचं झबलं ठेवलं, शेजारी कोरा कागद, पेन. सटवी येऊन नशीब लिहिते ना.
अभीचा हॉस्पिटलमधून फोन : ताप थोडा उतरलाय. रक्ताचा रिपोर्ट उद्या.
सासूबाई हळद-कुंकू आणायला आत गेल्या, तेवढ्यात मी पेन उचललं. मोठ्या अक्षरात लिहिलं, हिला पेनिसिलिन चालत नाही.
वाटलं, आता वाट लागली. त्यांनी चष्मा लावून वाचलं.
"बरां केलंस. पन सगळो कागद भरू नको गो. तिका लिवक जागा ठेव."
मग मी रडले. त्याही.
खालचा अर्धा कागद कोरा ठेवलाय. लिही बाई, पण वरचं वाचून लिही.